मांचुरियातली वांगी-बटाट्याची भाजी



चायनीज आणि चिनी जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आज आपल्याला दुसरीबद्दल बोलायचंय. पण बंगळुरात राहून चिनी जेवणावर बोलायचं तर आधी गोबीवर बोलणं भाग आहे. इथे संध्याकाळ झाली की नाक्यानाक्यावर गाड्या लागतात, आणि लोक 'गोबी मंच्युरियन' असं पूर्ण नावही घेत नाहीत. 'ओंदू प्लेट गोबी' म्हटलं की काम झालं. कॉलेजची मुलं, ऑफिसातून सुटलेली मंडळी, मुलाला क्लासवरून आणणाऱ्या आया, सगळे त्या लालभडक ढिगाभोवती उभे असतात.

तो लालभडकपणा मार्च २०२४मध्ये अडचणीत आला. ११ मार्चला कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी जाहीर केली. राज्यभरातून घेतलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. त्याच वेळी कॉटन कँडीची, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांचीही तपासणी झाली, त्यात रोडामाइन-बी निघालं. हा कापड रंगवायचा रंग आहे. पुढे काही महिन्यांत कबाब आणि तळलेल्या माशांतल्या रंगांवरही बंदी आली. गोव्यात तर त्याआधीच, वर्षाच्या सुरुवातीला, म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेतल्या गाड्यांवर गोबी मंच्युरियन विकायचंच बंद केलं होतं. लक्षात घ्या, कर्नाटकात बंदी रंगावर आहे, गोबीवर नाही. पण त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत चर्चा ऐकली ती अशी: 'चायनीज खाणंच वाईट. ते चिनी लोक काय वाटेल ते घालतात.'

हे ऐकून मला त्या चिनी लोकांची कीव आली. कारण गोबी मंच्युरियन हा पदार्थ त्यांनी पाहिलेलाही नाही.

मंच्युरियनचा जन्म आपल्या मुंबईतला. त्याचं श्रेय नेल्सन वांग या स्वयंपाक्याला दिलं जातं. ते कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे गृहस्थ. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना एका गिऱ्हाइकाने 'मेनूवर नसलेलं काहीतरी द्या' म्हटलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी केली. इथवर आपलंच. मग गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन टाकलं. चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि शाकाहारी भारत जिंकला गेला. हे जेवण वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बिनरंगाची गोबी मी आजही खाते, आवडीने खाते. फक्त ते मुंबईचं जेवण आहे, वडापाव-पावभाजीच्या रांगेतलं.

मग मांचुरियात काय खातात?

मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य कोपरा, रशियाच्या सीमेला लागलेला. चिनी लोक त्याला दोंगबेइ म्हणतात, ज्याचा अर्थच मुळी 'पूर्व-उत्तर'. हिवाळ्यात तिथे तापमान शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातं. म्हणून कोबी मिठात आंबवून ठेवायचा आणि हिवाळाभर पुरवायचा, गव्हाच्या पिठाचे पदार्थ करायचे, बटाटे साठवायचे. आणि तिथला सगळ्यात लाडका शाकाहारी पदार्थ कोणता, तर दी सान शिएन. 'जमिनीच्या तीन ताज्या गोष्टी' असा त्याचा अर्थ. त्या तीन गोष्टी म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची.

वांगी-बटाटा. आपण लग्नाच्या पंगतीत जे खातो तेच जोडपं.

ही भाजी घरी करून बघा, कारण हिला लागणारं सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. वांगं लांब जांभळं घ्या, बंगळुरात ते सहज मिळतं. बटाट्याच्या आणि वांग्याच्या तिरक्या मोठ्या फोडी करायच्या. वांग्याला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी पिळा आणि कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा, म्हणजे ते तेल पीत नाही. आता तिन्ही वेगवेगळं तळायचं: बटाटा सोनेरी होईपर्यंत, वांगं कडा कुरकुरीत होईपर्यंत, ढोबळी मिरची तेलात टाकली की मोजून दहा सेकंदांत बाहेर. वाटीत दोन चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि चार चमचे पाणी कालवून ठेवा. कढईत चमचाभर तेलावर भरपूर ठेचलेला लसूण परतायचा, वाटीतलं मिश्रण ओतायचं, बुडबुडे आले की तळलेल्या तिन्ही भाज्या घालून एक मिनिटभर उलथायचं. संपलं. रस असा हवा की भाजीला चकाकी येईल, पण ताटात ओघळ जाणार नाही. मसाला नाही, टोमॅटो सॉस नाही, रंग तर नाहीच. सोबत साधा पांढरा भात.

या साध्या भातावर जरा थांबू या. चिनी जेवणाची सगळी किल्ली तिथे आहे.

चिनी माणूस जेवणाचे दोन भाग करतो, फान आणि त्साय. फान म्हणजे शिजवलेला भात, आणि उत्तरेत त्या जागी वाफवलेला पाव किंवा नूडल्स. पोट भरायचं ते यानेच. त्साय म्हणजे त्याच्यासोबत जे खायचं ते. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: तोंडी लावणं. गावाकडे भाकरी आणि कोरड्यास म्हणतात, तीच जोडी. आणखी एक गंमत सांगते. त्साय या शब्दाचा अर्थ बाजारातली कच्ची भाजी असाही होतो आणि शिजवलेला पदार्थ असाही, अगदी आपल्या 'भाजी'सारखा. आपणही मंडईतून भाजी आणतो आणि पानातही भाजी वाढतो.

एकदा हे समजलं की आपण चायनीज हॉटेलात जे करतो ते किती उलटं आहे ते कळतं. फ्राइड राइसवर मंच्युरियनची ग्रेव्ही ओतणं म्हणजे मसालेभातावर मिसळीचा कट ओतण्यासारखं. दोन जोरकस चवी एकमेकींवर ओरडत असतात. चिनी घरात भात बेचवच हवा, मिठाशिवायचा, कारण चव आणायचं काम त्सायचं. आणि फ्राइड राइस? तो उरलेल्या भाताचा. आपला फोडणीचा भात. रात्रीचा भात सकाळी मोकळा होतो म्हणून त्याचाच करायचा, हे दोन्हीकडच्या आज्यांना माहीत आहे.

मग आपल्याकडे आलेलं चिनी जेवण असं एकरंगी का झालं? यात स्वयंपाकापेक्षा इतिहासाचा भाग जास्त आहे.

भारतात स्थायिक झालेले चिनी मुख्यतः दक्षिण चीनमधले, कँटनी आणि हक्का. त्यांची मोठी वस्ती कोलकात्यात. हक्का लोक तिथल्या टांगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा करायचे. मुंबईतही चिनी वस्ती होती, माझगावला १९१९ साली बांधलेलं त्यांचं देऊळ अजून उभं आहे. 'हक्का नूडल्स' या नावातला हक्का म्हणजे हेच लोक. ती काही पाककृती नव्हे. हक्कांचा खरा पदार्थ म्हणाल तर मिठात पुरून भाजलेलं कोंबडं, किंवा टोफूच्या चौकोनात खिसा करून त्यात खिमा भरून शिजवलेलं भरलं टोफू. भरली वांगी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते लगेच समजतं.

१९६२चं युद्ध झालं आणि भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात इथेच जन्मलेली माणसं होती, म्हातारी माणसं होती, मुलं होती. काहींना वर्षानुवर्षं तिथे राहावं लागलं, परत आले तेव्हा घर-दुकान हातचं गेलेलं होतं. बरेच जण नंतर कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जे राहिले त्यातल्या अनेकांनी हॉटेलं चालवली. आता विचार करा, अशा माणसाने गिऱ्हाइकाला त्याच्या तोंडाची सवय बदलायला सांगावी, ही अपेक्षा कशी करायची? त्याने गिऱ्हाइकाला हवं ते दिलं: तिखट, आंबटगोड, दाट रस्सा, भरपूर तळलेलं. त्याचं स्वतःचं जेवण आतल्या खोलीत, घरच्या माणसांपुरतं राहिलं. आपण 'चायनीज' म्हणून चाखली ती त्यांची तडजोड. ते आतल्या खोलीतलं जेवण कसं असतं, ते आता बघू.

'शेजवान'पासून सुरुवात करते, कारण हा शब्द आपल्याकडे पोहे-डोशापर्यंत पोचलाय. शेजवान म्हणजे सिचुआन, चीनचा नैर्ऋत्येकडचा प्रांत. १९७०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं, तेव्हापासून सिचुआनी चव भारतात रुळली. गाडीवर पोचेपर्यंत तिचं रूपांतर सुक्या लाल मिरच्या, लसूण, तेल आणि व्हिनेगरच्या चटणीत झालं. चटणी झकास आहे. पण सिचुआनची खूण तिच्यात नाही. ती खूण म्हणजे हुआजिआओ, सिचुआनी मिरं.

आणि आता कोकणी मंडळींनी कान टवकारा. हे मिरं म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघांचा वंश एक, झॅन्थोझायलम. नेपाळचं तिमूरही त्यातलंच. बांगड्याच्या तिखल्यात आपण जी तिरफळं घालतो त्यांची साल वापरायची, आतली काळी बी काढून टाकायची. सिचुआनमध्येही हाच नियम, बी दाताखाली वाळूसारखी लागते. फरक इतकाच की तिरफळाचा वास जास्त आणि हुआजिआओचा झटका जास्त. ते जिभेवर आलं की मुंग्या येतात, ओठ थरथरतात. ही नुसती कविकल्पना नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली मोजून पाहिलं, तेव्हा ओठांना जाणवणारी थरथर सेकंदाला पन्नास कंपनांच्या आसपास भरली. या मुंग्यांना चिनी भाषेत 'मा' म्हणतात, तिखटाला 'ला'. दोन्ही मिळून माला. मिरची चीनलाही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आली, सोळाव्या शतकाच्या शेवटाला तिची चिनी पुस्तकात पहिली नोंद सापडते. ही मुंग्या आणणारी चव मात्र तिथली मूळची, मिरचीच्या कितीतरी आधीची.

माला चव शिकायची तर मापो टोफू खावा. ही गोष्ट १८६०च्या सुमाराची, सिचुआनची राजधानी छंगदूमधली. पुलाजवळ चन आडनावाच्या बाईंची खानावळ होती, तेलाच्या कावडी वाहणारे हमाल तिथे जेवायचे. बाईंच्या तोंडावर देवीचे वण होते, म्हणून लोक त्यांना मापो म्हणायचे, वणांची म्हातारी. लिपीत 'वण' आणि 'मुंग्या' यांचं अक्षर एकच आहे, त्यामुळे पदार्थाचं नाव दोन्ही अंगांनी जुळतं. मऊ टोफू, थोडा खिमा, आणि जीव म्हणजे दोबानजिआंग. ही वालासारख्या मोठ्या दाण्यांची, मिरचीसोबत वर्ष-वर्ष आंबवलेली घट्ट चटणी. हिला पर्याय नाही. शेजवान चटणी घालून केलेला मापो टोफू म्हणजे आमसुलाऐवजी चिंच घालून केलेली सोलकढी. बाटली ऑनलाइन मिळते, एकदा आणली की पुष्कळ दिवस पुरते. करताना टोफूचे तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, ते फुटत नाहीत. तेलात आधी दोबानजिआंग परता, तेल लाल होऊ द्या. हा लाल रंग मिरचीचाच. मग आलं-लसूण, थोडं पाणी, टोफू. शाकाहारी मंडळींनी खिम्याऐवजी बारीक चिरलेले मशरूम परतून घालावेत. शेवटी हुआजिआओ कोरडं भाजून, कुटून वरून भुरभुरायचं. ते नसेल तर मल्लेश्वरमच्या बाजूला कोकणी-मंगळुरी सामान ठेवणारी दुकानं आहेत, तिथे तिरफळ विचारा. मी करून बघितलंय. चव तंतोतंत येत नाही, पण कोकणातल्या माणसाला ती जास्तच आवडते.

कुंग पाओ चिकनही सिचुआनचंच, तिथल्या एका राज्यपालाच्या पदवीवरून नाव पडलेलं. भारतात बहुतेक ठिकाणी ते बरं मिळतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. शेंगदाणे आहेत, आपल्याला आवडणारच.

सिचुआनच्या धडाक्यानंतर दक्षिणेला ग्वांगदोंगला, म्हणजे जुन्या कँटनला जाऊ. इथे सगळा कारभार वाफेवर. वस्तू ताजी असेल तर मसाल्याची गरज नाही, असा कँटनी माणसाचा हट्ट. आख्खा मासा आल्याच्या चकत्यांवर ठेवून वाफवायचा. अर्ध्या किलोच्या माशाला आठ ते दहा मिनिटं. ताटलीत सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, कारण हिंवसपणा त्यात असतो. मग माशावर आल्याचे आणि पातीच्या कांद्याचे बारीक उभे काप, थोडा सोया सॉस, आणि सगळ्यात शेवटी धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल वरून ओतायचं. चर्रर्र आवाज होतो. वरून दिलेली फोडणीच ती, फक्त मोहरी-हिंगाशिवाय. रायगडकरांनो, जिताडा मिळाला तर यासाठी राखून ठेवा. इथे शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात सकाळी लवकर गेलात तर पापलेट चांगलं मिळतं, तेही चालतं. तिखट कालवणाची सवय असलेल्याला पहिला घास सपक लागेल. तिसऱ्या घासाला माशाची चव लागायला लागते.

कँटनचंच डिमसम. सकाळच्या चहासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ, बांबूच्या टोपलीत येतात. बंगळुरात एमजी रोडच्या वन एमजी मॉलमध्ये याउआचा आहे, लंडनमधल्या मूळ हॉटेलची शाखा. खिसा सांभाळून जा, पण एकदा जाच. त्यांची हार गाव मागवा, कोळंबीची. तिचं आवरण पारदर्शक असतं, आतली गुलाबी कोळंबी दिसते. ते आवरण कशाचं? गव्हाच्या सत्त्वाचं. गहू धुऊन त्यातला चिकटपणा वेगळा केला की उरतं ते सत्त्व. आपल्याकडे उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून आपण जो चीक काढतो आणि कुरडया घालतो, तेच हे द्रव्य. आणि जो चिकट गोळा आपण टाकून देतो किंवा गाईला घालतो, त्याचे तिकडचे बौद्ध मठ शाकाहारी पदार्थ करतात. मुळ्याची वडीही मागवा: मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, वाफवायचा, वड्या कापायच्या, तव्यावर परतायच्या. कोथिंबीर वडीची रीत आणि हिची रीत यात काडीचा फरक नाही. फक्त तिच्यात बहुधा सुकी कोळंबी किंवा सॉसेज असतं, तेवढं विचारून घ्या.

मोमोला डिमसम म्हणू नका एवढीच विनंती. मोमो तिबेटी-नेपाळी.

शांघायकडचं शिआओलोंगबाओ दिसायला थेट उकडीचा मोदक, वर चुण्या घातलेल्या. पण आत रस्सा असतो. रस्सा पिठात कसा भरतात? हाडांचा रस्सा थंड करून जेलीसारखा थिजवतात, तो सारणात मिसळतात, वाफेवर तो वितळतो. आख्खा तोंडात टाकलात तर टाळू भाजेल. चमच्यात घ्यायचा, बाजूला छोटं भोक पाडायचं, रस्सा ओढून घ्यायचा, मग उरलेला व्हिनेगर आणि आल्यासोबत खायचा. मोदकात तूप सोडण्यासाठी आपण कळी फोडतोच की.

सकाळी चिनी माणूस काय खातो? आपल्याला वाटतं नूडल्स. काही भागांत खरंच नूडल्स खातात, पण लाखो घरांत सकाळी पेज असते. तांदूळ दहापट पाण्यात फुटेपर्यंत शिजवायचा, सोबत खारवलेली भाजी, म्हणजे लोणचंच. इंग्रजीत या पेजेला 'काँजी' म्हणतात आणि तो शब्द तमिळ 'कंजी'वरून पोर्तुगीजांमार्फत गेलेला आहे. म्हणजे चिनी हॉटेलच्या मेनूवर महागडं नाव लावून बसलेली ही बाई आपल्याच गल्लीतली. सोबत काळं पडलेलं अंडं येतं, चुना-राखेच्या लेपात मुरवलेलं. त्याचा आग्रह मी करत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द जास्त, कारण बंगळुरातून कामासाठी शेनचेनला जाणारी आपली कितीतरी मुलंमुली आहेत आणि त्यांच्या बॅगेत ठेपल्यांची पाकिटं असतात. ठेपले न्या. पण रोज खोलीत एकट्याने ठेपले खाऊ नका. तिथे ओळख ऑफिसात होत नाही, जेवणाच्या गोल टेबलावर होते. ऑक्टोबर २०२५पासून भारत-चीन थेट विमानंही पुन्हा सुरू झाली आहेत, तेव्हा जाणारे वाढणारच. 'वो छ्ह सू' म्हणजे मी शाकाहारी जेवतो. हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा, आपला उच्चार त्यांना कळेलच असं नाही. 'सू' हा बौद्ध परंपरेतला शब्द आहे आणि कडक सूमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्यांनी हे वाचून खूश व्हावं. मठांजवळच्या सू खानावळी निर्धास्त. इतरत्र मात्र सावध, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतणं, वरून चिमूटभर खिमा टाकणं याला तिथे कोणी मांसाहार समजत नाही. सुक्या परतलेल्या फरसबीत तर खिमा हमखास असतो.

बटाट्याचा कीस मागवा, तूदोऊ-स. बटाटा सळयांसारखा चिरून, पाण्यात धुऊन, मोठ्या आचेवर व्हिनेगर घालून दोन मिनिटं परततात. तो कुरकुरीतच राहायला हवा. आपल्या घरी कोणी वाढला तर 'कच्चा राहिलाय' म्हणाल. ठेचलेली काकडी मागवा, लसूण-व्हिनेगर-तीळतेलातली, खमंग काकडीची मावसबहीण. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं: चिनी मुलं घर सोडून शिकायला गेली की पहिला शिकतात तो हा पदार्थ. आणि लसणीवर परतलेला लाल माठ. हो, तोच आपला लाल माठ, इथला हरिवे सोप्पु. भातात कालवला की भात गुलाबी होतो, आणि ते बघून चिनी पोरंही आपल्या पोरांसारखीच खूश होतात.

अजिनोमोटोचं काय, हे तुम्ही विचारणार, म्हणून उरकून टाकते. १९०८ साली जपानमध्ये इकेदा नावाच्या शास्त्रज्ञाने तो शोधला. त्याची भीती १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून पसरली. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा धोका सिद्ध झाला नाही. पिकलेल्या टोमॅटोत तीच चव निसर्गतः असते. लालभडक रंगाची मात्र काळजी करा, सुरुवातीला सांगितलं तेवढी.

आता ऑर्डर देताना काय करायचं. चिनी घरात पाहुणे आले की जुना हिशेब आहे: चार भाज्या, एक सूप. चौघं गेलात तर तोच धरा. एक थंड पदार्थ, म्हणजे काकडी. एक वाफवलेला, मासा किंवा टोफू. एक पालेभाजी लसणीवरची, ती विसरू नका, तिच्यावाचून टेबल अपुरं. एक झणझणीत, मापो टोफू चालेल. सूप पातळ आणि साधं, ते आधी पिऊन संपवायचं नाही, जेवणाबरोबर किंवा शेवटी घ्यायचं. प्रत्येकाला वेगळी प्लेट भरून घ्यायची नाही, सगळं मध्ये ठेवायचं आणि आपापल्या भाताच्या वाटीवर थोडं थोडं घेत जायचं. वेटर विचारेल, 'फ्राइड राइस की नूडल्स?' त्याला सांगा, स्टीम्ड राइस. तो एकदा पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगा.